कडी निघेपर्यंत

ट्रेमध्ये आठ वस्तू होत्या. एका काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा, स्टीलच्या बक्कलचा पट्टा, नाडीत ओवलेल्या दोन किल्ल्या, मोबाईल, अर्धे दात गेलेला कंगवा, बँडच्या टोपीवरचा पितळी बिल्ला, गोळ्यांची निम्मी संपलेली पट्टी आणि प्लॅस्टिकची एक छोटी डबी. एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी माणसाचे खिसे रिकामे करून घ्यायचे, ट्रेमधल्या वस्तू त्याच्यासमोर मोठ्याने मोजायच्या आणि तो बाहेर आला की तितक्याच परत द्यायच्या, असा आमच्याकडचा नियम आहे.

"आठ," मी म्हटलं.

"आठ बरोबर," राजाराम सकपाळ म्हणाले. मग त्यांनी डबी पुन्हा उचलली आणि उघडून माझ्यापुढे धरली. आत कापसावर दोन पातळ, पिवळसर पट्ट्या होत्या, आइस्क्रीमच्या चमच्यासारख्या, पण एका टोकाला कागदाइतक्या झिजलेल्या. "रीड आहे मॅडम, क्लारनेटच्या तोंडाला लागते ती. ह्याच्यात लोखंड नाय. नुसतं लाकूड. एक मुठीत ठेवली तर चालेल?"

"मुठीत काहीच चालत नाही, काका."

"बरं. नियम तो नियम." त्यांनी डबी बंद करून ट्रेमध्ये ठेवली, किल्ल्यांपासून लांब.

परळच्या या हॉस्पिटलात एमआरआयच्या मशीनवर मी दोन वर्षं काम करते. बहुतेक माणसं गुडघा, कंबर नाहीतर डोकं घेऊन येतात. लिव्हरचा कडकपणा मोजायला येणारे कमी. राजारामकाकांच्या कागदावर तेच लिहिलं होतं: वय साठ, जुनी कावीळ बी, लिव्हर किती कडक झालंय ते मोजणे. त्याआधी बरगड्यांवर टिचक्या मारून मोजणारं साधं मशीन त्यांच्यावर वापरून झालं होतं. त्यावर तीन वेळा तीन वेगळे आकडे आले. सुई घालून तुकडा काढावा, तर रक्तातल्या प्लेटलेट्स कमी. म्हणून आमच्याकडे.

बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती आणि बायकोच्या शेजारी त्यांची आई. मी प्रश्नांचा कागद घेऊन बसले. शरीरात कुठे धातूचा तुकडा, झडप, तार, पेसमेकर? काल रात्रीपासून काही खाल्लं का?

"पाणी पण नाय घेतलं," शेवंतीकाकू म्हणाल्या. "मी म्हटलं दोन घोट घ्या, तर नको म्हणे. आकडा बिघडायला नको."

"दारू?"

काकूंनी कपाळाला हात लावला. "विचारा, विचारा. लिव्हर म्हटलं की सगळे हेच विचारतात. चाळीत बायका माझ्याकडं असं बघतात, जसं काय मीच रोज ग्लास भरून देते."

"बँडवाला आणि पीत नाय," काका म्हणाले, "हे आमच्या बँडातच कोण मानत नाय. लग्नात आमच्यासाठी जे काय येतं, त्यातला माझा वाटा दोघं-तिघं मिळून संपवतात. मी थम्सअपवाला."

"मग समजलं कसं?"

"सहा डिसेंबरच्या शिबिरात रक्त दिलं, तेव्हा. दहा-बारा दिवसांनी फोन आला, येऊन भेटा. डॉक्टर म्हणाले, ही जन्माच्या वेळची आहे. आईकडनं आली असणार. मग आईचं पण रक्त तपासलं. तिच्यात पण निघाली. पण तिचं लिव्हर एकदम फर्स्टक्लास." ते आईकडे बघून हसले. "तिनं दिलं, ते तिला नाय भोवलं."

आईचं नाव सुंदराबाई. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, लहानखुऱ्या. सुनेची पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून त्या बसल्या होत्या. मघापासून काकांकडे बघत होत्या आणि आता बोलायची संधी मिळाली तशा पुढे झुकल्या.

"मास्तर, राजा घरात नाय हो. वाजवायला गेलाय. तुम्ही बसा ना. च्या घ्या."

"घेतो, बाई," काका म्हणाले.

"आई, हेच राजा," शेवंतीकाकू म्हणाल्या.

सुंदराबाईंनी सुनेकडे असं बघितलं, जसं एखाद्या लहान मुलीची चूक पोटात घालावी. "काय बोलतेस गो. राजाचे केस काळे कुळकुळीत. ह्यांचे बघ." आणि मला, "तुझं लगीन झालं का बाय?"

"नाही आजी."

"कर. राजाला सांगते, तुझ्या लग्नात वाजवील. पैसे नाय घेणार."

काका उठले आणि माझ्या आधीच आतल्या दाराकडे चालू लागले.

मशीनच्या पाटावर त्यांना झोपवलं. उजव्या बरगड्यांवर बशीएवढी प्लॅस्टिकची चकती ठेवून वरून पट्टा घातला. चकतीला जाड नळी असते. ती भिंतीतून पलीकडच्या खोलीत जाते, तिथल्या पेटीतून हवेचे धक्के येतात आणि चकती सेकंदाला साठ वेळा थरथरते. हे मी सगळ्यांना सांगते, कारण अचानक पोट थरथरायला लागलं की माणसं घाबरून हलतात.

"थरथरून काय होतं?" काकांनी विचारलं.

"लाटा उठतात. बरगड्यांमधून आत लिव्हरमध्ये जातात. त्या कशा पसरतात याचे फोटो मशीन काढतं. मऊ लिव्हरमध्ये लाटा हळू जातात, जवळ जवळ पडतात. कडक असलं की भरभर जातात, लांब लांब पडतात. त्यावरून कडकपणाचा आकडा निघतो, किलोपास्कलमध्ये. सुई नाही, काही नाही."

"म्हणजे ढोलाचं पान ताणलं की आवाज चढतो, तसं."

"तसंच. फक्त इथे चढलेलं नको."

"पाचच्या वर नको," ते म्हणाले.

मी पट्टा आवळता आवळता थांबले.

"डॉक्टरांनी सांगितलंय. पाचच्या खाली आलं तर गोळ्या चालू ठेवा, वाजवा बिनधास्त. पाचच्या वर गेलं तर दुर्बीण घालून पोटातल्या नसा बघणार. त्या फुगलेल्या असतात म्हणे. फुंकताना जोर आला आणि फुटली तर रक्ताची उलटी. मग वाजवणं बंद. कायमचं." ते छताकडे बघत बोलत होते. "आता पण बंदच आहे. आकडा येईपर्यंत हात लावायचा नाय म्हणाले. तीन आठवडे झाले, क्लारनेटची पेटी उघडली नाय मी."

"तीन आठवडे म्हणजे काही फार नाहीत, काका."

"माझ्यासाठी नाय. सीझन पण गेला तर गेला. आईसाठी."

 बाहेर बाकावर मी जे बघितलं होतं, ते त्यांनाही माहीत होतं.

"मास्तर म्हणजे आमच्या बँडाचे जुने मास्तर," ते म्हणाले. "मला बोलवायला घरी यायचे. जाऊन झाली त्यांना पंचवीस वर्षं. मी आता त्यांच्यासारखा दिसत असेन. केस पांढरे झाले, जाडी आली. आईला तोंडावरनं ओळख पटत नाय, आवाजावरनं पटत नाय. फक्त क्लारनेट. घोडपदेवला आमची चाळ आहे. मी खाली गल्लीच्या वळणावर जायचं, दोन ओळी वाजवायच्या आणि जिना चढून वर यायचं. कडी काढून उभी असते दारात. म्हणते, आलास? की मग झोपेपर्यंत मी राजा. माझ्या ताटात जास्तीचं वाढते. शेवंतीला ओरडते, त्याला मासा दे म्हणून."

"आणि सकाळी?"

"सकाळी परत मास्तर. पण संध्याकाळ असते ना."

"बँडातल्या दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगितलं तर?"

"सांगितलं. पोरगा चांगला वाजवतो. ती जागची हलली पण नाय. ह्याची फुंक वेगळी, माझी वेगळी."

"रेकॉर्डिंग?"

"मोबाईलमध्ये आहे ना, माझंच. लावलं. शेवटपर्यंत ऐकलंन." त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. "म्हणाली, छान वाजवतोय. कोण आहे हा?"

मी त्यांच्या हातात घाबरलात तर दाबायचा रबरी फुगा दिला, कानांवर हेडफोन चढवले आणि पाट आत सरकवला.

या तपासणीत एक गोष्ट माणसाकडून हवी असते. साधा श्वास सोडायचा आणि सोडल्यावर, रिकाम्या छातीने, पंधरा-सोळा सेकंद तसंच थांबायचं. असं चार वेळा. लिव्हर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टेकलेलं असतं. श्वास घेतला की खाली सरकतं, सोडला की वर जातं. दर वेळी एकाच उंचीवर असायला हवं, म्हणजे चारही फोटो एकमेकांशी जुळतात. भरलेल्या छातीने माणसं वेगवेगळी थांबतात, रिकाम्या छातीने जवळजवळ सारखी.

काचेपलीकडून मी माईकवर सांगितलं, "श्वास घ्या. सोडा. थांबा." पेटी घुमू लागली. थांबली. "आता घ्या." पुन्हा. चार वेळा.

पडद्यावर आलेलं चित्र कामाचं नव्हतं. जिथे मशीनला स्वतःच्या मोजमापाची खात्री नसते, तिथे ते स्वतःच फुल्या मारतं. लिव्हरवर जवळजवळ सगळीकडे फुल्याच होत्या, आणि चार फोटोंत लिव्हर चार ठिकाणी होतं. सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली यांच्यात दोन बोटांचं अंतर.

"काका, श्वास पूर्ण सोडताय ना?"

"सोडतोय की."

दुसऱ्या वेळी मी पडदा सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. ते खरोखर सोडत होते. नाकातून हवा गेलेली छातीवरून कळत होती. पण मी "थांबा" म्हटलं की पोट आत जाण्याऐवजी गोल होऊन वर यायचं आणि ताठ व्हायचं. पट्टा त्याच्यावर ताणला जायचा. दर वेळी थोडा वेगळा.

मी डॉक्टर मृणालिनींना फोन लावला. रिपोर्ट त्याच लिहितात. त्यांनी त्यांच्या खोलीतूनच फोटो उघडले.

"अगं पूर्वी, हे वाचता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मी यावर आकडा लिहिला तर तो माझा अंदाज होईल. एकदा अजून बघ. नाही जमलं तर पुढची तारीख दे."

पुढची तारीख एप्रिलच्या शेवटी होती. म्हणजे महिनाभर क्लारनेटची पेटी बंद. चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक चाळीखालून जाणार, आणि काका गॅलरीत आईच्या शेजारी मास्तर होऊन बसणार.

मी आत गेले आणि पाट बाहेर काढला. त्यांनी डोळे मिचकावले. त्यांना काहीतरी बिघडल्याचं कळलं होतं.

"आकडा वाईट आहे?"

"आकडा आलाच नाही. तुम्ही श्वास सोडता, पण पोट सोडत नाही. ताठ धरता."

"मी? मी तर काय पण करत नाय."

"आता करा बरं. सोडा आणि थांबा." मी त्यांच्या पोटावर त्यांचाच हात ठेवला. त्यांनी श्वास सोडला आणि हाताखाली पोट वर आलं. ते स्वतःच चमकले. मग हसायला लागले.

"अरे देवा. हा तर टेका आहे. फुंकायचं म्हणजे पोटाचा टेका पायजे, नायतर सूर हलतो. चाळीस वर्षं झाली, आता ते माझं ऐकतंय थोडंच."

"वाजवताना कधीच पूर्ण रिकामे होत नाही?"

"रिकामा झाला तो संपला. मग पुढची ओळ कशानं उचलणार? तळाला थोडी ठेवायचीच. मास्तर छडी मारायचे त्याच्यासाठी." ते थांबले. "एकच जागा आहे."

"कुठली?"

"घरच्या दोन ओळी. वळणावरच्या. त्या कोणाच्या नायत, मीच जोडल्यात. पूर्वी आम्हाला यायला उशीर व्हायचा. आई आतनं कडी घालून झोपायची. दिवसभर मिलमध्ये वायंडिंगला, सूत गुंडाळत, उभी असायची, तिला एका हाकेत जाग यायची नाय. दार बडवलं तर सगळा माळा शिव्या घालायचा. क्लारनेट वाजवलं तर कोण काय बोलायचं नाय, काय सांगायचं लोकांचं. तर दुसऱ्या ओळीचा शेवटचा सूर मी लांब सोडतो, पार संपेपर्यंत. पुढं काय वाजवायचंच नसतं ना. मग तसाच उभा राहायचा. श्वास घ्यायचा नाय."

"का?"

"घेतला तर नाकाचा आवाज होतो. वरनं कडीचा आवाज येतो तो बारीक. चुकेल म्हणून."

मी त्यांच्या पोटावरचा हात तसाच ठेवायला सांगितला. "आत्ता वाजवा. मनात. दोन ओळी."

त्यांनी डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं चादरीवर हलली, एकामागून एक उचलली गेली, खाली आली. ओठ आत वळले. मग सगळी बोटं टेकली आणि हात पोटाबरोबर खाली गेला. खाली जाऊन थांबला. मला त्यांच्या गळ्यातली एक शीर उडताना दिसत होती. बाकी काही हलत नव्हतं.

"बास," मी म्हटलं. "तसंच."

पाट पुन्हा आत सरकवला. काचेमागे बसले. माईकवर काय म्हणायचं हे मी दोन वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं.

"काका, पहिली ओळ." त्यांची बोटं हलायला लागली. "दुसरी ओळ." बोटं टेकली. पेटी घुमू लागली. पडद्यावर लिव्हर वर सरकलं, थांबलं, आणि एखादं चित्र भिंतीला लावावं तसं स्थिर राहिलं. पेटी थांबली.

"कडी निघाली," मी म्हटलं.

छाती भरली. त्यांनी तोंडाने श्वास घेतलेला स्पीकरमधून ऐकू आला.

असं आम्ही चार वेळा केलं. चारही वेळा लिव्हर एकाच ठिकाणी होतं. मी मोजून बघितलं, फरक दिसण्याइतकासुद्धा नव्हता. लाटा काठापासून आतपर्यंत स्वच्छ गेल्या होत्या. फुल्या फक्त कडांना. डॉक्टर मृणालिनींचा फोन आला, "हे छान आहे. काय केलंस?" मी म्हटलं, त्यांनीच केलं.

पाट बाहेर आला तेव्हा काका घामाने भिजले होते आणि खूश होते.

"मशीनचा सूर कुठला गो?" आता मी मॅडम राहिले नव्हते.

"कसला सूर?"

"ते पोटात घुमतं ते. काळी पाच म्हणून धरायला गेलो, तर थोडं चढलेलं वाटतंय. पण पांढरी सातपर्यंत जात नाय. मधेच लटकतंय. वीस वेळा वाटलं, कोणीतरी ह्याला बाजाच्या पेटीवर मिळवून घ्या."

मी नंतर तक्त्यात बघितलं. सेकंदाला साठ कंपनं म्हणजे बरोबर त्या दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी. तेव्हा मात्र मी एवढंच म्हटलं, "कंपनीला कळवते."

"कळव. म्हणावं, बाकी मशीन चांगलं आहे."

त्यांनी कपडे बदलले. मी ट्रे पुढे केला आणि आठ वस्तू मोजून दिल्या. पट्टा, मोबाईल, किल्ल्या, गोळ्या. कंगवा त्यांनी केसांतून फिरवूनच खिशात टाकला. बिल्ला शर्टाच्या बाहीवर पुसला. चष्मा. शेवटी डबी. ती उघडून त्यांनी एक रीड काढली आणि सवयीने जिभेवर ठेवली. वाजवण्याआधी रीड ओली करावी लागते, कोरडी बोलत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं, रीड गालात सरकवून, अर्धवट शब्दांत. आणि मग बोलता बोलता थांबले.

"आकडा कधी?"

"डॉक्टर सगळं बघून लिहितील. संध्याकाळपर्यंत."

"तुला दिसणार आधी."

"दिसणार. पण सांगायची परवानगी नाही, काका."

"नको सांगूस. तुझी नोकरी आहे." मग बाकाकडे वळून, "आम्ही बसतो इथंच. संध्याकाळपर्यंत. काय आहे, घरी जाऊन पण बसायचंच आहे."

शेवंतीकाकूंनी पिशवीतून डबा काढला होता. पोळी आणि सुका जवळा. "खा आता," त्या म्हणाल्या. "रात्रीपासून उपाशी आहेत. ते तोंडातलं काढा आधी."

"खातो."

"काय झालं आत? किती वेळ लावलात. मला वाटलं, झोपलात की काय."

"वाजवत होतो."

"आत? वेडे झालात काय?"

"ह्या पोरीला विचार."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पोळीचा तुकडा मोडून त्यात जवळा भरला आणि नवऱ्यापुढे धरला. काका आईच्या शेजारी बसले. रीड काढून कापसावर ठेवली, डबी बंद न करता बाकावर दोघांच्या मध्ये ठेवली. सुंदराबाईंनी डबीत वाकून बघितलं. एक बोट पुढे केलं, रीडच्या झिजलेल्या टोकाजवळ नेलं आणि लावलं नाही.

"राजाची आहे ही," त्या काकांना म्हणाल्या. "हात नका लावू, मास्तर. तो ओरडतो."

"नाय लावत, बाई."

"तुमच्याकडं कशी आली?"

"त्यानंच दिली. सांभाळायला."

"येईल ना तो?"

काका चावत होते. गिळून झाल्यावर म्हणाले, "येईल की. कुठं जातोय."

मला आत जायचं होतं. पुढचा माणूस कंबर घेऊन बसला होता आणि त्याआधी मला काकांचे चार फोटो आखायचे होते. प्रत्येक फोटोत लिव्हरचा चांगला भाग निवडून त्याभोवती रेघ काढायची. काठ सोडायचा, मोठ्या नसा सोडायच्या, फुल्या सोडायच्या. उरलेल्या भागाचा आकडा मशीन देतं. चारही आकड्यांची सरासरी पुढे जाते.

मी दार ओढून घेत होते तेव्हा मागून सुंदराबाईंचा आवाज आला. मोठा, गॅलरीतून खालच्याला सांगावं तसा.

"बाय, कडी घालू नकोस गो. राजा यायचाय अजून."

त्या दाराला कडी नाही. मी ते वीतभर उघडं ठेवलं आणि खुर्चीवर बसले. पहिल्या फोटोवर रेघ काढली. दुसऱ्यावर एक मोठी नस मध्येच येत होती, म्हणून ती वगळून पुन्हा काढली. तिसरा. चौथा. फटीतून पोळीचा तुकडा मोडल्याचा, डब्याचं झाकण लागल्याचा आवाज येत होता.  मी चारही रेघा एकदा परत तपासल्या आणि बटण दाबलं.

चार फोटोंची सरासरी: ५.८ किलोपास्कल.